चौदाव्या मजल्यापर्यंत जिन्याने: अँग्झायटी असताना फोबियाचा सामना कसा करायचा?

मुलाखत सकाळी अकराची. ऑफिस चौदाव्या मजल्यावर. ती साडेदहालाच बिल्डिंगखाली पोहोचली आहे. लिफ्ट समोर उघडी उभी आहे, लिफ्टमन 'या मॅडम' म्हणतोय. ती फोन आल्याचं नाटक करत मोबाइल कानाला लावते आणि गुपचूप जिन्याकडे वळते.

चौदा मजले चढल्यावर छाती धडधडते, धाप लागते, कपडे घामाने भिजतात. एवढे जिने चढल्यावर कुणाचंही असंच होईल. पण तिच्या मनात येतं, 'ही नेहमीची धडधड नाही. हार्ट अटॅक तर नाही ना?' त्या विचाराने धडधड आणखी वाढते. रिसेप्शनवर नाव सांगण्याआधीच ती मागे फिरते आणि खाली उतरते. अर्थात, जिन्यानेच.

ही तरुणी काल्पनिक आहे, पण तिच्यासारखी माणसं मानसोपचारतज्ज्ञांकडे रोज येतात. तिला त्रास एक नाही, दोन आहेत. एक म्हणजे बंद जागेचा फोबिया. दुसरा म्हणजे सतत कसली ना कसली काळजी लागून राहण्याचा, अर्थात अँग्झायटी डिसऑर्डरचा. हे दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खतपाणी घालतात. मग 'हळूहळू जाईल भीती' असं म्हणत बसलं तर भीती जात नाही, उलट पसरत जाते.

हे असं का होतं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं, ते समजून घेऊया.

भीती, फोबिया आणि अँग्झायटी डिसऑर्डर यांत फरक काय?

भीती ही मुळात कामाची गोष्ट आहे. रस्ता ओलांडताना अंगावर ट्रक आला तर आपण विचार न करता मागे उडी मारतो, ती भीतीमुळेच. धोका टळला की ती ओसरते.

फोबियात भीती आणि धोका यांचं प्रमाण बिघडतं. भिंतीवरची पाल, बंद लिफ्ट, उंच गच्ची, इंजेक्शनची सुई किंवा कुत्रा समोर आला, किंवा तो येईल असं नुसतं वाटलं, तरी शरीर जिवावर बेतल्यासारखं वागू लागतं. ही भीती अवाजवी आहे हे त्या माणसाला बहुतेक वेळा कळत असतं. तरीही ती आवरत नाही. असा त्रास साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकला आणि त्यामुळे नोकरी, शिक्षण, प्रवास किंवा नात्यांवर परिणाम होऊ लागला, तर डॉक्टर त्याला फोबिया म्हणतात.

अँग्झायटी डिसऑर्डर हे एका आजाराचं नाव नसून आजारांच्या गटाचं नाव आहे. काहींना सगळ्याच गोष्टींची सतत काळजी वाटते. काहींना अचानक पॅनिक अटॅक येतात. काहींना चार लोकांसमोर बोलायची धास्ती वाटते. खरं तर फोबियाही याच गटात मोडतो. म्हणूनच एकाच माणसाला यातले दोन-तीन त्रास एकत्र असणं अजिबात दुर्मिळ नाही.

आणि हे काही मोजक्याच लोकांच्या बाबतीत घडतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात सुमारे ३० कोटी लोकांना अँग्झायटी डिसऑर्डर होता.

लिफ्ट एकच, भीती मात्र तीन प्रकारची

इथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. लिफ्ट टाळणाऱ्या तीन माणसांची भीती सारखी असेलच असं नाही.

पहिल्याला वाटतं, लिफ्ट अडकेल आणि आत गुदमरायला होईल. हा बंद जागेचा फोबिया. दुसऱ्याला लिफ्टची तितकी भीती नाही. त्याला वाटतं, आत असताना पॅनिक अटॅक आला तर बाहेर पडता येणार नाही. हाच माणूस बहुधा गर्दीची लोकल, थिएटरमधली मधली सीट आणि लांबच्या पल्ल्याची एसटीही टाळत असतो. याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. कार्ल वेस्टफाल या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १८७१ मध्ये हे नाव रूढ केलं. तिसऱ्याला लिफ्टमधल्या अनोळखी माणसांचं दडपण येतं. सगळे आपल्याकडेच बघतायत, आपण घामाघूम झालेलो त्यांना दिसतंय, असं त्याला वाटतं. ही सोशल अँग्झायटी.

तिघेही जिनाच चढतात, पण तिघांचे उपचार वेगळे असतात. म्हणूनच 'मला लिफ्टची भीती वाटते' एवढं सांगून थांबू नका. 'लिफ्टमध्ये नक्की काय होईल असं मला वाटतं?' या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. डॉक्टरांकडे जाताना हा कागद फार उपयोगी पडतो.

दोन्ही त्रास एकत्र असले की काय होतं?

अँग्झायटी असलेल्या माणसाच्या शरीराचा अलार्म आधीच अर्धवट वाजत असतो. झोप नीट नाही, मान आणि खांदे आखडलेले, पोटात गोळा. अशा वेळी फोबियाची वस्तू समोर आली की भीतीला शून्यापासून चढावं लागत नाही. ती अर्ध्या वाटेवर उभीच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे आधीपासूनची काळजी. ज्याला फक्त पालीची भीती आहे, तो पाल दिसली की घाबरतो आणि ती गेली की विसरतो. ज्याला सोबत अँग्झायटीही आहे, तो झोपण्याआधी पलंगाखाली बघतो, गावी जायचं ठरलं की आठवडाभर आधी तिथल्या न्हाणीघराचा विचार करत बसतो. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणतात तसं, पाल कुठेच नसते आणि तरी सगळीकडे असते.

तिसरी गोष्ट म्हणजे शरीराच्या खुणांचा चुकीचा अर्थ. घाबरल्यावर श्वास जलद होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर येणं, बोटांना मुंग्या येणं, छाती आवळल्यासारखी वाटणं असे त्रास होतात. हे फार अस्वस्थ करणारं असलं तरी पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिखराला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. पण 'मला काहीतरी भयंकर होतंय' असा अर्थ लावला की नवी भीती तयार होते. आता लिफ्टसोबत स्वतःच्या छातीतल्या धडधडीचीही भीती बसते.

अर्थात, छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर स्वतःच 'अँग्झायटी असेल' असं ठरवू नका. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. थायरॉइडचं प्रमाण वाढल्यावरही धडधड, थरथर आणि घाबरल्यासारखं होतं. त्यामुळे डॉक्टर ती तपासणीही सुचवू शकतात.

'मनाला समजाव' हे का पुरत नाही?

"अगं, लिफ्टला काय घाबरायचं? लहान मुलंसुद्धा जातात!" हे वाक्य अशा प्रत्येक माणसाने ऐकलेलं असतं.

चार्ल्स डार्विननेही स्वतःवर असाच एक प्रयोग करून पाहिला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो एका विषारी सापाच्या पेटीसमोर जाड काचेला चेहरा चिकटवून उभा राहिला. सापाने झेप घेतली तरी मागे सरकायचं नाही, असा त्याने निश्चय केला होता. साप काचेवर झेपावला आणि डार्विन क्षणात मागे उडाला. मध्ये काच आहे हे त्याला पूर्ण माहीत होतं. भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ मधल्या आपल्या पुस्तकात त्याने हा अनुभव नोंदवला आहे.

मेंदूतली धोक्याची घंटा विचारांच्या आधी वाजते. म्हणूनच नुसत्या युक्तिवादाने फोबिया जात नाही. डार्विनसारखा माणूस जिथे मागे उडाला, तिथे इतरांना लाज वाटण्याचं काही कारण नाही.

खरा सापळा टाळण्यात आहे

जिन्याकडे वळल्या क्षणी त्या तरुणीला हायसं वाटलं. नेमकं हेच घातक ठरतं. मेंदू त्यातून शिकतो, 'लिफ्ट टाळली म्हणून वाचलो.' लिफ्ट सुरक्षित होती हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी वाढते.

आणि टाळणं एका जागी थांबत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आज लिफ्ट, उद्या एसी बस, परवा आतून कडी लावायचं बाथरूम. मग तळमजल्यावरचीच नोकरी, चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे न जाणं, विमानाने जावं लागेल म्हणून लग्नाचं आमंत्रण नाकारणं. जग हळूहळू लहान होत जातं.

तब्येतीच्या बाबतीत ही किंमत जास्त मोठी असते. सुईच्या भीतीने मधुमेहाचा रुग्ण वर्षानुवर्षं रक्त तपासत नाही. बंद नळीत जावं लागतं म्हणून कुणी एमआरआय पुढे ढकलत राहतं. अशा वेळी निदानालाच उशीर होतो.

काही टाळाटाळ तर दिसतही नाही. लिफ्टमध्ये जायचं, पण कुणी सोबत असेल तरच. पाण्याची बाटली, गोळी आणि चार्ज केलेला फोन हातात असेल तरच. डोळे मिटून, मनात आकडे मोजत. मानसशास्त्रात याला सुरक्षिततेसाठीची वर्तनं म्हणतात. त्या क्षणी त्यांचा आधार वाटतो, पण श्रेय सगळं बाटलीला जातं आणि भीती तशीच राहते.

मग उपाय काय? भीतीची पायरी-पायरीची शिडी

फोबियावर सर्वांत जास्त अभ्यासलेला आणि परिणामकारक उपचार म्हणजे एक्स्पोजर. भीतीच्या गोष्टीला ठरवून, टप्प्याटप्प्याने आणि पुन्हा पुन्हा सामोरं जाणं.

ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा आधी लांब ठेवला जाई, मग रोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. पुढे जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ च्या आपल्या ग्रंथात याची पद्धतशीर मांडणी केली. भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायची पद्धतही वोल्पेचीच.

लिफ्टच्या भीतीची शिडी साधारण अशी असू शकते:

१. लिफ्ट वर-खाली जातानाचा व्हिडिओ बघणं. भीती २० गुण.
२. लिफ्टच्या दारासमोर पाच मिनिटं उभं राहणं. ३० गुण.
३. दार उघडं ठेवून आत उभं राहणं. ४५ गुण.
४. कुणाला तरी सोबत घेऊन एक मजला जाणं. ५५ गुण.
५. एकट्याने एक मजला जाणं. ७० गुण.
६. एकट्याने पाच मजले जाणं. ८० गुण.
७. गर्दीच्या वेळी, अनोळखी बिल्डिंगमधल्या लिफ्टने शेवटच्या मजल्यापर्यंत जाणं. १०० गुण.

प्रत्येकाची शिडी वेगळी असते. कुणाला सोबत असलेला माणूसच जास्त अस्वस्थ करेल. पण काही नियम सगळ्यांना लागू पडतात.

आधी अंदाज लिहा. 'दार बंद झाल्यावर मला श्वास घेता येणार नाही.' मग पायरी पूर्ण करा आणि प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. लिफ्टचा डबा हवाबंद नसतो हे वाचून जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक आत उभं राहून श्वास चालू असल्याचं अनुभवल्यावर पडतो.

भीती शिखरावर असताना पळू नका. त्या क्षणी बाहेर पडलात तर मेंदू पुन्हा जुनाच धडा गिरवतो. पायरी फारच जड गेली तर मधली एखादी सोपी पायरी तयार करा.

एकदा जमलं म्हणून थांबू नका. तीच पायरी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बिल्डिंगमध्ये पुन्हा करा. बाटली, गोळी, सोबत ही कुबडी एकेक करून सोडा.

कधी कधी खऱ्या जागेची सोय नसते. उंचीच्या भीतीवर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा वापर करून पाहणारं बार्बरा रोथबाम आणि सहकाऱ्यांचं संशोधन १९९५ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. आज काही ठिकाणी विमानप्रवासाच्या भीतीसाठीही असा चष्मा वापरतात.

अँग्झायटी असेल तर काय वेगळं करायचं?

फक्त फोबिया असेल तर शिडी बऱ्यापैकी वेगाने चढता येते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्ट यांनी तर काही फोबियांसाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच सत्राची पद्धत विकसित केली. सोबत अँग्झायटी असेल तर मात्र काही गोष्टींचं भान ठेवावं लागतं.

आधी कशावर काम करायचं ते ठरवा. जास्त अडचण ज्यामुळे होते, तिथून सुरुवात करायची असा साधा हिशेब असतो. काळजीमुळे महिनाभर झोपच नसेल, किंवा सोबत नैराश्य असेल, तर आधी त्याकडे लक्ष द्यावं लागतं. हा निर्णय तज्ज्ञासोबत घ्यावा. पॅनिक अटॅक वारंवार येत असतील किंवा हृदयाचा, दम्याचा किंवा फिट्सचा आजार असेल, तर शिडी एकट्याने सुरू करू नये.

वाईट दिवसासाठी सोपी पायरी राखून ठेवा. कालची पायरी आज जमेलच असं नाही. अशा दिवशी खालची पायरी करा, पण शून्य करू नका.

दिवसाचा पाया सांभाळा. जागरण आणि चहा-कॉफीचा मारा यांनी धडधड वाढते आणि तीच धडधड मग भीती म्हणून वाचली जाते. संध्याकाळनंतरचा चहा कमी करणं ही बारीक गोष्ट वाटते, पण तिचा फायदा होतो. दारूने तात्पुरतं बरं वाटतं, पण नशा उतरली की अँग्झायटी जोर धरते.

गुगल करणं आणि सारखी खात्री करून घेणं आवरा. 'लिफ्ट अपघात' असं सर्च करणं किंवा घरच्यांना दहा वेळा 'काही होणार नाही ना?' असं विचारणं, हीसुद्धा टाळाटाळच आहे.

श्वास हळू सोडा. लांब उच्छ्वासाने शरीर शांत व्हायला मदत होते. पण 'भीती शून्यावर आली तरच आत जाईन' अशी अट घालू नका. भीती सोबत घेऊन जाणं हाच तर सराव आहे.

विचारांवरही काम करावं लागतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. स्वतः एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलायला घाबरत. त्यांच्या सांगण्यानुसार, त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी गप्पा मारण्याचा गृहपाठ स्वतःलाच दिला. भेट ठरली फक्त एकीशी आणि तीही आलीच नाही. पण शंभर वेळा बोलूनही आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना कळलं. 'मला भीती वाटताच कामा नये' ही मागणी सोडून 'भीती वाटली तर त्रास होईल, पण तो मला सोसवेल' इथवर येणं हा या पद्धतीचा गाभा आहे.

रक्ताच्या फोबियाचा नियम उलटा

बहुतेक फोबियांत रक्तदाब वाढतो. त्यामुळे चक्कर येऊन खरोखर बेशुद्ध पडणं क्वचितच होतं. रक्त, जखम आणि इंजेक्शनच्या फोबियात मात्र रक्तदाब आधी वाढतो आणि मग झपकन खाली येतो. म्हणून ही माणसं खरोखर कोसळतात. त्यांना 'अंग सैल सोड' असं सांगणं उलट चुकीचं ठरू शकतं.

त्यांच्यासाठी स्नायू ताणण्याची पद्धत आहे. खुर्चीत बसून हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग २०-३० सेकंद सोडायचे. असं पाच वेळा. सुई टोचायचा हात मात्र सैल ठेवायचा. रक्तदाबाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त घेणाऱ्याला 'मला चक्कर येते, झोपवून घ्या' असं सांगायला लाजू नका. त्यांना ते नवीन नसतं.

औषधं घ्यावी लागतात का?

केवळ एखाद्या वस्तूच्या फोबियासाठी औषध हा सहसा पहिला उपाय नसतो. अँग्झायटी डिसऑर्डर किंवा पॅनिक अटॅक असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ औषधं देऊ शकतात. रोज घ्यायच्या अशा औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करू नयेत.

झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागू शकते. शिवाय दर वेळी गोळी घेऊनच लिफ्टमध्ये गेलं, तर तीही कुबडीच ठरते. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून किंवा मेडिकलमधून मागून अशी गोळी घेणं धोक्याचं आहे.

घरच्यांनी काय करावं?

दोन टोकं टाळावीत. एक म्हणजे थट्टा किंवा जबरदस्ती. 'गंमत' म्हणून अंगावर रबरी पाल टाकणं किंवा ढकलून लिफ्टमध्ये नेणं म्हणजे एक्स्पोजर नव्हे. त्यात नियंत्रण त्या माणसाच्या हातात नसतं आणि भीती आणखी घट्ट होते.

दुसरं टोक म्हणजे अति सांभाळणं. तिच्याऐवजी प्रत्येक वेळी आईने बँकेत जाणं किंवा नवऱ्याने सगळ्या सहली रद्द करणं. यामागे प्रेम असतं, पण फायदा भीतीचा होतो. "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. आज कोणती पायरी करायची? मी खाली थांबतो," एवढं म्हणणं पुरेसं असतं.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात कमी खर्चात तपासणी होते. थेरपीसाठी जाताना 'तुम्ही फोबियासाठी एक्स्पोजर किंवा सीबीटी करता का?' हे आधीच विचारून घ्या.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणं बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीत कोणता खर्च मिळतो हे तपासून घ्यावं.

जगण्यातच अर्थ नाही असं वाटू लागलं असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि वरच्या क्रमांकावर फोन करा.

भीती परत आली तर?

ती येऊ शकते. एक्स्पोजरमुळे जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'लिफ्टमध्ये मी ठीक असते' हा नवा धडा लिहिला जातो, असं संशोधक मानतात. घरात आजारपण, परीक्षा, नोकरीचा ताण आला की जुना धडा पुन्हा वर येतो. याचा अर्थ सगळी मेहनत वाया गेली असा होत नाही. दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरुवात करायची. दुसऱ्यांदा चढताना वाट ओळखीची असते.

बरं होणं म्हणजे भीती कायमची जाणं नव्हे. त्या तरुणीची पुढची मुलाखत पुन्हा चौदाव्या मजल्यावर असेल. दार बंद होताना तिच्या छातीत धडधडेलही. पण ती वर पोहोचेल आणि रिसेप्शनवर स्वतःचं नाव सांगेल.